जयगडसारख्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुरातले सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा एकाच झिओलाइटने (ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं, अतिसूक्ष्म छिद्रांचं खनिज) निघतील का?

तत्त्वतः हो, पण एकाच भुकटीवर सगळा भार टाकू नका. तांबं भरलेला झिओलाइट अमोनियाच्या साथीने नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. पारा धरायला चांदी भरलेला बरा. खरी गोची वाफेची. धुरात ती भरपूर असते आणि झिओलाइटच्या छिद्रांत आधी तीच घुसते. ॲल्युमिनियम कमी केलं की झिओलाइट पाणी टाळतो, पण मग धातू धरायच्या जागाही घटतात. शिवाय सल्फर डायऑक्साइड तांब्यालाच निकामी करतो, म्हणून तो वायू आधी काढायचा. कोकणात समुद्र दाराशी आहे, त्या कामाला अल्कधर्मी खारं पाणी चालतं. (गंमत म्हणजे कोळशाची राख कॉस्टिक सोड्यात तापवूनही झिओलाइट बनतो.)