बफर किती ठेवू? पुन्हा तेच प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत बीड असो की हिंगोली, पत्र उघडलं की आत बफरच, म्हणजे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना आवाजाचे तुकडे (सॅम्पल) क्षणभर जमा होतात ती जागा. सुटी-सुटी उत्तरं देऊन गोंधळ मिटेना, म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतो.

बफर वाढवला की आवाजाची क्वालिटी सुधारते का? (जालना)

नाही. बफर म्हणजे फक्त वेळ. मोठा ठेवला की कॉम्प्युटरला सवड जास्त, पण आवाज तेवढा उशिरा.

आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. बफर १०२४ आहे. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो. (परभणी)

येणारच. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) १०२४ सॅम्पल म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. तेवढे आत येताना लागतात आणि बाहेर जाताना पुन्हा तेवढेच. अशा उशिरात टाळ-मृदंगाच्या लयीवर कोण टिकेल? रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला बसलात की परत १०२४ करा. इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारं कार्ड) डायरेक्ट मॉनिटरचं, म्हणजे माइकचा आवाज सरळ कानात देणारं बटण असेल तर सरळ ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (रेकॉर्ड होताना ऐकणं) बंद करा, नाहीतर आवाज दोनदा येईल.

२५६ च्या खाली गेलो की फट-फट आवाज येतो. तीन महिने झाले. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा नाहीतर नवीन कार्ड घ्या. (लातूर)

तीन महिने कशाची वाट पाहिलीत? ट्रॅकमध्ये उतरलेली फट-फट नंतर नीट निघत नाही. रॅमचे पैसे आत्ता देऊ नका. बरेचदा दोष वायफायच्या किंवा बॅटरीच्या ड्रायव्हरचा (तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) असतो. तो प्रोसेसर क्षणभर अडवून धरतो आणि तेवढ्यात बफर रिकामा होतो. चार्जर लावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, वायफाय बंद करा, मग लेटन्सीमॉन हे ड्रायव्हर तपासणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर अडवतो ते त्यात दिसेल. तो बदलायची वेळ आली तर मात्र जाणकाराला समोर बसवून बदला.

मित्राकडे १२८ वर सगळं जुळतं. माझ्याकडेही १२८ च आहे, आसिओ-फोर-ऑल हा ड्रायव्हर टाकला आहे. तरी संबळ आधीच्या ट्रॅकच्या मागे पडतो. (धाराशिव)

या प्रश्नासाठी जागा जास्त घेतो, कारण ‘१२८ टाका, सगळं ठीक होतं’ या ऐकीव सल्ल्याने मी अनेकांचं काम वाया गेलेलं पाहिलं आहे.

१२८ चा आकडा सारखा असला तरी उशीर सारखा नसतो. आसिओ हा सॉफ्टवेअर आणि कार्ड यांच्यात आवाज कमी उशिरात नेणारा मार्ग, स्टाइनबर्ग या ऑडिओ सॉफ्टवेअर कंपनीने १९९७ मध्ये आणलेला. कार्ड बनवणाऱ्याचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असेल तर तो थेट कार्डाशी बोलतो. आसिओ-फोर-ऑल विंडोजच्या ड्रायव्हरवर बसतं आणि वर आपलाही बफर ठेवू शकतं. वासापी हा विंडोजचा स्वतःचा मार्ग; त्याच्या शेअर्ड मोडमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा विंडोजचा मिक्सर मधे येतो, तो साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी काम करतो. लिनक्सवर अल्सा या तिथल्या मार्गात १२८ म्हणजे एक तुकडा, असे दोन किंवा तीन रांगेत असतात. त्यात यूएसबीचा राखीव बफर आणि कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचा) वेळ मिळवा. १२८ चे कागदावर २.९ मिलिसेकंद होतात, प्रत्यक्षातला फेरा त्याच्या कितीतरी पट निघू शकतो.

उशीर सगळीकडे असतोच. ड्रायव्हरने तो खरा सांगितला तर सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेला ट्रॅक तेवढा आधी सरकवून जुळवतं. पण ड्रायव्हर नेहमी खरं सांगत नाही. संबळाचा ठोका इतका टोकदार की दहा मिलिसेकंदांची चूकही कानाला टोचते.

म्हणून मोजा. स्पीकर बंद करा, मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर कर्कश शिट्टी वाजेल. कार्डाच्या आउटपुटमधून एक केबल इनपुटमध्ये लावा. एका ट्रॅकवर एकच टोकदार ठोका ठेवा, तो वाजवत दुसऱ्यावर रेकॉर्ड करा, आणि झूम करून दोन्ही ठोक्यांच्या सुरुवातीतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ते ड्रायव्हरने न सांगितलेलं अंतर. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर असो की क्यूबेस, रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये (ट्रॅक किती सरकवायचा तो आकडा) तेवढंच भरा आणि पुन्हा मोजा. बफर किंवा ड्रायव्हर बदललात तर मोजणी परत करा. पण त्याआधी कार्ड बनवणाऱ्याचा स्वतःचा ड्रायव्हर मिळतो का ते बघा. मिळत असेल तर आसिओ-फोर-ऑल काढून टाका. ऑफसेट अधिक भरायचा की उणे, यात शंका असेल तर आधी विचारा, चालू प्रोजेक्टवर प्रयोग नको.

ऑडेसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दुसरा ट्रॅक जुळत नाही. (नांदेड)

तिथे लेटन्सी कॉम्पेन्सेशन (उशीर भरून काढायचा आकडा) आधीपासून उणे १३० मिलिसेकंद असतं. तुमच्या मशीनला ते लागू असेलच असं नाही. वरच्याच रीतीने मोजून बदला.

‘झिरो लेटन्सी’ लिहिलेलं स्वस्त यूएसबी कार्ड घेऊ का? (बीड)

खोक्यावरचं झिरो म्हणजे बहुधा डायरेक्ट मॉनिटर. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता तसाच कानात, एवढाच त्याचा अर्थ. सॉफ्टवेअरमधून इफेक्ट लावून ऐकायचं असेल तर तो झिरो कामाचा नाही. हे सांगायचं टाळून विकणाऱ्यांचा मला राग येतो. दुकानात स्वतःचा लॅपटॉप न्या, कंपनीचा आसिओ ड्रायव्हर आहे का विचारा, तिथेच १२८ वर एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. दुकानदार नाही म्हणाला तर पैसे देऊ नका, कार्डाचा मॉडेल नंबर मला लिहून पाठवा.