वाचकांचे प्रश्न: कोहिमाच्या टेकडीवरची केंटची पलटण

या वेळी दुसऱ्या महायुद्धातल्या कोहिमाच्या लढाईबद्दल इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न: आम्ही काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये केंट परगण्यात मेडस्टनला राहतो. इथल्या म्युझियममध्ये वेस्ट केंट रेजिमेंटचा वेगळा विभाग आहे आणि तिथे कोहिमाचं नाव वाचून आश्चर्यच वाटलं. नागालँडच्या डोंगरात केंटची पोरं काय करत होती? आम्हाला शाळेत यातलं काहीच शिकवलं नव्हतं.

उत्तर: रेजिमेंटचं पूर्ण नाव क्वीन्स ओन रॉयल वेस्ट केंट रेजिमेंट, आणि कोहिमाला होती ती तिची 4थी बटालियन. ही मुळात टेरिटोरियल आर्मीची बटालियन, म्हणजे शांततेच्या काळात आठवडाभर आपापली नोकरी नाहीतर धंदा बघायचा आणि मोकळ्या वेळात कवायत करायची, अशा लोकांची. 1940 ला फ्रान्समध्ये लढून डंकर्कहून परत आली, 1942 ला इजिप्तला गेली आणि तिथे सप्टेंबरच्या सुरुवातीला आलम हाल्फाच्या लढाईत रात्रीच्या एका हल्ल्यात तिची खूप माणसं गेली, मग इराक, मग भारत, आणि 1943 च्या शेवटी ब्रह्मदेशात अराकानच्या आघाडीवर. त्यामुळे कोहिमाला पोचेपर्यंत त्यात केंटचे जुने लोक होते तसे ठिकठिकाणहून भरतीला आलेले नवेही बरेच होते, पण एकमेकांना ओळखून असलेली, मार खाऊन शहाणी झालेली पलटण होती ती.

1944 च्या मार्चमध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशातली चिंडविन नदी ओलांडली. जनरल सातोची 31वी डिव्हिजन, बारा-पंधरा हजार माणसं, कोहिमाकडे निघाली आणि त्या डोंगरातून इतकी मोठी फौज येऊ शकते यावर ब्रिटिश वरिष्ठांचा विश्वासच नव्हता. कोहिमाच्या पलीकडे 46 मैलांवर दिमापूर, तिथे रेल्वे आणि पुरवठ्याचा अवाढव्य डेपो, सुमारे 11 मैल लांब आणि मैलभर रुंद, आणि त्याचं रक्षण करायला धड फौज नाही. म्हणून अराकानमध्ये लढत असलेली 5वी इंडियन डिव्हिजन चक्क विमानात भरून, खेचरं आणि तोफांसकट, उत्तरेला आणली गेली. एका लढाईतून उचलून थेट दुसऱ्या लढाईत आख्खी डिव्हिजन विमानाने नेणं तोपर्यंत कोणी केलं नव्हतं. त्यातली 161वी ब्रिगेड दिमापूरला उतरली आणि वेस्ट केंट त्याच ब्रिगेडमध्ये.

आणि मग घोळ झाला. मार्चच्या शेवटी ब्रिगेड कोहिमाला पोचली, खंदक खणायला सुरुवात केली, तेवढ्यात हुकूम आला की परत फिरा, दिमापूर वाचवा. लोक परत गेले. जपानी कोहिमात शिरल्यावर पुन्हा हुकूम, परत जा. 5 एप्रिलला वेस्ट केंट ट्रकमधून कोहिमाला आली ती गोळ्या अंगावर घेतच, साडेचारशेच्या आसपास माणसं, आणि त्यांच्या मागून रस्ता बंद झाला. 4/7 राजपूतची (म्हणजे 7व्या राजपूत रेजिमेंटच्या 4थ्या बटालियनची) एक कंपनी तेवढी आत आली, ब्रिगेडचा बाकी भाग दोन मैल मागे जोत्सोमाला अडकला. मला या मधल्या चार-पाच दिवसांचा आजही राग येतो, कारण तेवढ्या दिवसांत आख्खी ब्रिगेड टेकडीवर नीट बसली असती.

मग 5 ते 20 एप्रिल वेढा. जागा म्हणजे रस्त्याकडेच्या टेकड्यांची एक रांग, जीपीटी (जनरल पर्पज ट्रान्सपोर्ट) रिज, जेल हिल, डीआयएस (डेली इश्यू स्टोअर), एफएसडी (फील्ड सप्लाय डेपो), कुकी पिकेट, गॅरिसन हिल, ही सगळी ऑफिस आणि गोदामांवरून पडलेली नावं, कारण लढाईआधी कोहिमा हे शांत सरकारी गाव होतं. जीपीटी रिज पहिल्याच दिवशी गेली आणि तिच्याबरोबर पाण्याची मुख्य सोय गेली. माणशी दिवसाला एका मगापेक्षा कमी पाणी. पुढे रस्त्याजवळ एक झरा सापडला, पण तो जपान्यांच्या नाकासमोर, म्हणून रात्री सरपटत जायचं आणि डबे भरून सरपटत वर यायचं. विमानातून रसद टाकली जायची त्यातली बरीचशी जपान्यांकडे पडायची, त्यात मोर्टारचे गोळे होते आणि तेच गोळे मग आपल्याच लोकांवर आले.

डीआयएस टेकडीवर लष्कराची बेकरी होती, विटांच्या भट्ट्या असलेली. जपानी रात्रीतून तिथे घुसून त्या भट्ट्यांच्या आड आणि आतही लपून बसले, मग मेजर ईस्टन यांची डी कंपनी आणि सॅपर्स म्हणजे लष्करी इंजिनिअर यांनी स्फोटकं लावून ती इमारतच उडवली. याच टेकडीवर 8 आणि 9 एप्रिलला लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आधी ते एकटेच एका मशिनगनच्या ठाण्यावर गेले, ग्रेनेडची कळ सोडून दोनपर्यंत मोजलं म्हणजे समोरच्याला तो परत फेकायला वेळच मिळू नये, टाकला, मागोमाग आत शिरले आणि गन घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी खंदक खणणाऱ्या पाच जपान्यांवर बेयोनेट लावून एकट्याने धावून गेले, पाचही मारले, आणि चालत परत येताना मशिनगनच्या गोळ्या लागल्या. वडील लंडी नावाच्या बेटाचे मालक, मुलगा साधा लान्स कॉर्पोरल. त्यांची कबर कोहिमालाच आहे.

शेवटी शेवटी तर डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला आपले आणि दुसऱ्या कडेला जपानी, मध्ये फक्त कोर्टाची रुंदी. जखमींना कुठे न्यायला जागाच नव्हती. लेफ्टनंट कर्नल यंग हे डॉक्टर वेढ्याच्या सुरुवातीला बाहेरून आत आले आणि उघड्या चरांमध्येच त्यांनी दवाखाना चालवला, तिथेही गोळे पडत होते, आधीच जखमी असलेले परत जखमी होत होते. 17 एप्रिलच्या रात्री कुकी पिकेट गेली तेव्हा उरलेली जागा साधारण साडेतीनशे यार्ड लांब आणि तेवढीच रुंद. दुसऱ्या दिवशी सकाळी 1/1 पंजाबचे जवान रणगाडे घेऊन पोचले, आणि 20 एप्रिलला वेस्ट केंटची जागा 1ली रॉयल बर्कशर बटालियनने घेतली. इंग्लंडमध्ये नॅशनल आर्मी म्युझियमने 2013 मध्ये ब्रिटनची सगळ्यात मोठी लढाई कोणती असं विचारलं तेव्हा लोकांनी वॉटर्लू सोडून इम्फाळ-कोहिमाला निवडलं.

फक्त एक गोष्ट मनापासून सांगायचीये. ही कथा एकट्या वेस्ट केंटची म्हणून सांगतात ते मला पटत नाही, आणि त्याने वेस्ट केंटचं काही कमीही होत नाही. टेकडीवर सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास लोक होते, त्यातले हजारभर तर लढणारेच नव्हते. 1ली आसाम रेजिमेंट जेसामी आणि खारासोमला आधीच लढून, थकून, जंगलातून वाट काढत आली होती आणि ती पुन्हा खंदकात उतरली. आसाम रायफल्स होते, नेपाळहून आलेली शेर रेजिमेंट होती. जोत्सोमाहून डोंगरी तोफा डागणारे गोलंदाज भारतीय होते, टेकडीवरून मेजर यो वायरलेसवर सांगायचे आणि गोळे आपल्या खंदकांपुढे अगदी काही यार्डांवर पडायचे, ते नसते तर टेनिस कोर्ट एक रात्रही टिकलं नसतं. आणि नागा लोक, ज्यांच्या गावात ही लढाई येऊन पडली, ते बातम्या आणत होते, जखमी वाहून नेत होते. सगळ्या टेकडीचे कमांडर कर्नल रिचर्ड्स होते, पण त्यांचं आणि वेस्ट केंटचे कमांडर लॅव्हर्टी यांचं जमलं नाही आणि रिचर्ड्स यांना त्यांचं श्रेय फार उशिरा मिळालं.

प्रश्न: ब्रिटिश बटालियन "इंडियन" डिव्हिजनमध्ये कशी? छापताना चूक झालीये का? (सांगली)

उत्तर: चूक नाही, पद्धतच तशी होती. इंडियन डिव्हिजनच्या एका ब्रिगेडमध्ये साधारणपणे तीन पायदळ बटालियन, त्यातली एक ब्रिटिश आणि दोन भारतीय किंवा गुरखा. 161व्या ब्रिगेडमध्ये 4थी वेस्ट केंट, 1/1 पंजाब आणि 4/7 राजपूत. 1857 नंतर ब्रिटिशांना भारतीय पलटणी एकट्या ठेवायची भीती वाटायची, त्यातून ही मिसळ आली. पण 1944 पर्यंत अराकानच्या चिखलात या तिन्ही बटालियन एकत्र लढून झाल्या होत्या, एकमेकांवर भरवसा बसलेला होता, आणि वेढा फोडून आत येणारे पंजाबचे लोक याच ब्रिगेडचे होते हे लक्षात घ्या.

प्रश्न: माझे आजोबा मराठा पलटणीत होते. घरात एवढंच माहितीये की ते "संगशाक" नावाच्या ठिकाणी लढले आणि त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्याचा कोहिमाशी काही संबंध आहे का? (सातारा जिल्हा)

उत्तर: आहे, आणि फार मोठा आहे. तुमचे आजोबा बहुतेक 4/5 मराठा लाइट इन्फंट्रीत असणार, कारण संगशाकला मराठा पलटण होती ती हीच. मणिपूरमध्ये उखरूलच्या बाजूला हे छोटं नागा गाव. 50वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड, म्हणजे मुख्यतः गुरखा आणि भारतीय पॅराट्रूपर्स, आणि तिच्यासोबत मराठा, असे 21 ते 26 मार्च 1944 तिथे लढले. समोर जपान्यांची 58वी रेजिमेंट, तीच जी पुढे कोहिमावर चालून गेली. खडकाळ जमीन, खंदक खोल खणता येईनात, काटेरी तारा नाहीत, पाणी नाही, विमानातून टाकलेलं बरंचसं सामान शत्रूकडे, मेलेल्यांना पुरायलाही जागा नाही. 26 तारखेच्या रात्री उरलेल्यांना हुकूम मिळाला की निघा, आणि ते जंगलातून चालत इम्फाळकडे गेले. एका मेलेल्या जपानी ऑफिसरजवळ नकाशा सापडला, त्यात कोहिमाकडे येणाऱ्या डिव्हिजनचा बेत होता, त्याची नक्कल करून वेढ्यातून बाहेर इम्फाळला पाठवली गेली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. 58व्या रेजिमेंटचे ते दिवस संगशाकला गेले, माणसंही खूप गेली, आणि ती कोहिमाला पोचली 3-4 एप्रिलच्या रात्री. वेस्ट केंट पोचली 5 एप्रिलला. मराठा आणि गुरखा तिथे अडून बसले नसते तर केंटच्या पोरांना वर चढायला टेकडीच शिल्लक राहिली नसती. मला वाटतं हे मेडस्टनमध्येही सांगितलं पाहिजे आणि साताऱ्यातही. लढाई संपल्यावर कित्येक वर्षं संगशाकची कोणी नीट दखल घेतली नाही, उलट माघार घेतली म्हणून कुजबूज झाली, त्यामुळे तुमचे आजोबा गप्प राहिले यात नवल नाही.

प्रश्न: जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होती. मग आपण नक्की कोणाचं कौतुक करतोय? (पुणे)

उत्तर: प्रश्न योग्य आहे आणि यावर एका ओळीत उत्तर देणं म्हणजे कोणावर तरी अन्याय. आझाद हिंद सेनेच्या तुकड्या मुख्यतः इम्फाळच्या बाजूला होत्या, मोइरांगला 14 एप्रिल 1944 ला त्यांनी झेंडा फडकवला तेव्हा कोहिमाचा वेढा चालू होता. शाहनवाज खान यांच्या सुभाष ब्रिगेडला उखरूल-कोहिमाच्या दिशेला पाठवलं गेलं ते नंतर, मे महिन्यात, आणि तिथे भूक आणि आजारांनी त्यांचे फार हाल झाले. म्हणजे वेस्ट केंटच्या त्या पंधरा दिवसांत समोर होते ते जपानीच. मी दोघांनाही मान देतो. पोट भरायला आणि पलटणीच्या इज्जतीसाठी लढलेला साताऱ्याचा शिपाई आणि स्वातंत्र्यासाठी नेताजींबरोबर गेलेला शिपाई, दोघंही आपल्याच घरातले, आणि यातल्या एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करायची मला गरज वाटत नाही.

प्रश्न: या पलटणी आज आहेत का? आणि कोहिमाला जायचं असेल, किंवा घरातल्या माणसाची माहिती शोधायची असेल तर? (ठाणे)

उत्तर: वेस्ट केंट रेजिमेंट 1961 मध्ये बफ्स नावाच्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली, मग 1966 ला क्वीन्स रेजिमेंट, आणि 1992 पासून प्रिन्सेस ऑफ वेल्सेस रॉयल रेजिमेंट. मराठा लाइट इन्फंट्री आपल्या सैन्यात आहेच, सेंटर बेळगावला.

कोहिमाला जायला दिमापूरपर्यंत रेल्वे किंवा विमान, पुढे रस्ता. नागालँडसाठी इनर लाइन परमिट आधी काढून ठेवा. युद्धस्मशान गॅरिसन हिलवरच आहे, त्यात 1,420 कबरी आहेत आणि सगळ्यात वरती दहन झालेल्या 917 हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक आहे, बरेच लोक खालूनच फोटो काढून परत जातात, तुम्ही वरपर्यंत जा. टेनिस कोर्टाच्या रेघा पांढऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांनी जपल्यात.

युद्धात गेलेल्या माणसाचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, पण भारतीय नावांचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने कसंही लिहिलेलं असतं, म्हणून दोन-चार प्रकारे टाकून बघा, आणि गावाचं, वडिलांचं नावही जुळवून बघा. जे जिवंत परत आले त्यांची नावं तिथे नसतात. त्यांच्यासाठी घरातलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मेडलच्या कडेवर कोरलेला नंबर शोधा. तो नंबर आणि बटालियन घेऊन रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. बटालियन रोज काय करत होती ते त्या वेळच्या वॉर डायरीत असतं, ब्रिटिश पलटणींच्या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आग्नेय आशियातल्या आघाडीवरच्या भारतीय पलटणींच्याही बऱ्याच तिथेच सापडतात. तिकडे कोणी नातेवाईक असेल तर त्यांना फोटो काढून आणायला सांगा.