केबल बंद करून नुसत्या ओटीटीवर घराचं भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात केबल आहे, ब्रॉडबँड आहे आणि शिवाय दोन ओटीटींचे पैसेही जातात. सासूबाई दुपारी मालिका आणि संध्याकाळी बातम्या बघतात, मुलाला सामने थेट बघायचे असतात, तुम्ही दोघं रात्री जमेल तेव्हा एखादा सिनेमा लावता. मग केबल बंद करून सगळं इंटरनेटवरच आणावं का?

आणता येईल, पण लगेच केबलवाल्याला फोन करू नका. हा निर्णय बहुतेक जण बिल बघून घेतात. माझ्या मते तो घरात रिमोट कोणाच्या हातात जास्त वेळ असतो, हे बघून घ्यायला हवा. आमच्याकडची केबल बंद होऊन काही वर्षं झाली. त्यानंतर नात्यातल्या बऱ्याच घरांत हीच अदलाबदल करून द्यायला मी गेले आहे. काही ठिकाणी सगळं बघितल्यावर "तुमची केबल राहू द्या" असंच सांगितलं आहे, आणि ते मला अजूनही बरोबर वाटतं.

आधी एक काम करा. टीव्हीजवळ एक वही ठेवा आणि दोनेक आठवडे लिहीत जा: कोणी बघितलं, काय बघितलं, आणि ते त्याच वेळी बघणं गरजेचं होतं का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सिनेमा, वेब सिरीज, जुने भाग हे सगळं केव्हाही बघता येतं आणि त्यासाठी केबलची काहीच गरज नाही. बातम्या आणि सामने त्या त्या वेळीच बघायचे असतात. मालिकेचं मात्र माणसागणिक बदलतं. काहींना भाग संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी बघितला तरी चालतो. काहींना तो ठरलेल्या वेळीच लागतो, कारण त्यांचा दिवसच त्या वेळेभोवती आखलेला असतो, आणि भाग संपला की बहिणीला फोन करून त्यावर बोलायचंही असतं. वहीत अशा नोंदी जास्त निघाल्या, तर तुमच्या घराला अजून केबल लागते. चार-पाच चॅनेलच पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसली, तर ती ओटीटीवर थेट दिसतात का, एवढंच तपासायचं उरतं. नाव घेऊन एकेक चॅनेल शोधा. "सगळे चॅनेल मिळतात" या जाहिरातीवर जाऊ नका, कारण चॅनेल असतं पण त्यावरचा एखादा सामना हक्क दुसऱ्याकडे असल्यामुळे ॲपवर दिसत नाही, असं होतं. सामन्यांचे हक्क ठरावीक वर्षांसाठी विकले जातात. यंदा एका ॲपवर असलेली स्पर्धा पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ शकते. मुलाला कोणत्या स्पर्धा हव्यात ते त्यालाच लिहायला सांगा.

आता नेटचं. केबल आणि स्ट्रीमिंग यांच्यात मुळातच एक फरक आहे आणि तो समजला की बाकीच्या कटकटी आपोआप कळतात. केबल 1948च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली, तीच मुळी डोंगराआडच्या गावांत अँटेनाला सिग्नल मिळत नव्हता म्हणून. उंचावर एक मोठा अँटेना लावायचा आणि तिथून तारेने घरोघरी चित्र पोचवायचं. आजही पारंपरिक केबलचं तत्त्व तेच आहे: एकच सिग्नल सगळ्यांना एकदम जातो. दहा घरं बघोत की दहा हजार, तारेवरचा भार तेवढाच. स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र प्रवाह जातो. लाउडस्पीकरवरून एकदाच सांगणं आणि प्रत्येकाला वेगवेगळा फोन करणं, असा हा फरक आहे. म्हणून संध्याकाळी सगळी वस्ती एकाच वेळी बघायला बसली की केबलला काही होत नाही, नेट मात्र अडखळू शकतं.

त्यामुळे वेग तपासायचा तो सकाळी मोबाइलवर नाही. रात्री गर्दीच्या वेळी, टीव्ही जिथे आहे तिथेच, शक्यतो टीव्हीवरच तपासा. टीव्हीत ब्राउझर असेल तर फास्ट डॉट कॉम उघडा. ते नेटफ्लिक्सचंच पान आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून वेग मोजतं, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा मिळतो. नेटफ्लिक्सच्या सूचनेनुसार फुल एचडीला 5 एमबीपीएस आणि 4केला 15 एमबीपीएस पुरतात. हे आकडे एका पडद्याचे आहेत. सासूबाई हॉलमध्ये बातम्या बघतायत, मुलगा आतल्या खोलीत सामना बघतोय आणि तुमची ऑफिसची मीटिंग चालू आहे, अशा वेळी बेरीज करावी लागते. तरीही ती बेरीज आजच्या बहुतेक ब्रॉडबँडला झेपते. खरी अडचण असते ती राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतींतून लांबवर जातं, पण शेजारच्या सगळ्यांचीच त्यावर गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण दोन भिंती मध्ये आल्या की दमतं. टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढता आली तर ओढाच. टीव्हीचं लॅन पोर्ट अनेकदा 100 एमबीपीएसचंच असतं, पण 4केसाठीही ते भरपूर आहे, आणि तारेत भिंतींचा प्रश्नच येत नाही.

डेटाचा हिशोबही आताच करून टाका. 15 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 15 मेगाबिट. तासाच्या 3600 सेकंदांनी गुणायचं आणि बिटचे बाइट करायला 8ने भागायचं: 6750 मेगाबाइट, म्हणजे पावणेसात जीबी तासाला. फुल एचडीला याच हिशोबाने सव्वादोन जीबी येतात. आता तुमच्या घरात टीव्ही दिवसाला आठ तास चालतो असं धरा, कारण केबलवर तो असाच मागे चालू राहतो, कोणी बघत असो वा नसो. फुल एचडीवरच ते महिन्याला 540 जीबी झाले. तुमच्या प्लॅनमध्ये ठरावीक डेटानंतर वेग कमी होत असेल, तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात वाद होणार. बातम्यांना फुल एचडीची गरज नसते. ॲपच्या सेटिंगमध्ये दर्जा कमी करून ठेवला की डेटा निम्म्याहून कमी लागतो.

सामन्यांबद्दल मुलाला आधीच सांगून ठेवा की थेट प्रक्षेपण ॲपवर मागे असतं. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात. ॲपलची एचएलएस ही पद्धत 2009मध्ये आली तेव्हा एक तुकडा साधारण 10 सेकंदांचा असे, नंतर 6 सेकंदांची शिफारस झाली. अडखळू नये म्हणून प्लेअर असे दोन-तीन तुकडे हाताशी ठेवतो, त्याच्या आधी तुकडे तयार व्हायलाही वेळ जातो. असं करत करत अर्ध्या मिनिटाचा उशीर सहज होतो. हा उशीर कमी करण्याच्या पद्धती आल्या आहेत, पण सगळीकडे वापरल्या जात नाहीत. शेजाऱ्यांकडे केबल असेल तर त्यांचा आरडाओरडा आधी ऐकू येईल. काही मुलांना याने काही वाटत नाही, काहींचा सगळा रस जातो. तुमच्या मुलाचं काय होतं, ते एक सामना ॲपवर बघूनच कळेल.

आता सासूबाईंचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे, आणि लोक नेमकं याच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मावशीकडे गेले होते तेव्हा ती रिमोट कसा वापरते हे मी बसून बघितलं. चष्मा डोक्यावर, नजर पडद्यावर, आणि अंगठा न चुकता तीन आकडे दाबतो. चॅनेलचे नंबर तिला पाठ आहेत. जाहिरात लागली की दुसरे तीन आकडे, आणि पहिला कार्यक्रम सुरू व्हायच्या बेताला परत. यात वाचायचं काहीच नाही. ॲपवर हेच करायचं तर आधी होमचं बटण, मग ॲप शोधा, मग "कोण बघतंय?" असं विचारणारा प्रोफाइलचा पडदा, मग थेट चॅनेलची रांग, त्यात बाण दाबत दाबत आपलं चॅनेल. मधेच ॲप अपडेट झालं की रांग दुसरीकडे गेलेली असते. आणि कधीतरी अचानक लॉगिन मागितलं जातं, तेव्हा घरात दुसरं कोणी नसतं. नवीन काही शिकायला मावशी कधी घाबरली नाही, मोबाइलवर ती सगळं करते. पण दिवसभराचं काम आटपून टेकल्यावर टीव्हीने आपल्याकडून काही मागू नये, एवढीच तिची अपेक्षा असते. ती मला पूर्ण रास्त वाटते. केबलचं मोठेपण हेच आहे की बटण दाबलं की काहीतरी चालू असतं, निवडावं लागत नाही.

यावर उपाय आहेत. बऱ्याच टीव्हींमध्ये आणि स्टिकमध्ये (टीव्हीला मागून लावायचं ॲप चालवणारं छोटं उपकरण), चालू केल्या केल्या ठरावीक ॲप उघडेल अशी सोय असते. बोलून शोधायचं बटण असलेला रिमोट घ्या आणि सासूबाईंच्याच भाषेत चॅनेलचं नाव घेऊन ते ओळखतो का बघा. आवडीची चॅनेल पहिल्या रांगेत आणून ठेवा. त्यांचं प्रोफाइल वेगळं करा, नाहीतर मुलाने बघितलेल्या गोष्टीच त्यांच्यापुढे येत राहतील. हे सगळं लावून द्या आणि मग त्यांना एकटीला वापरू द्या. तुम्ही शेजारी बसून "आता हे दाबा" म्हणत असाल तर ती चाचणी नाही. एका आठवड्यानंतरही त्या तुम्हाला हाक मारत असतील, तर त्यांच्या खोलीतली केबल चालू ठेवा, अगदी छोट्या पॅकेजवर. दोन्ही ठेवण्यात काही गैर नाही. बिल पूर्ण वाचणार नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला स्वतःचा टीव्ही स्वतः लावता येणं मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं.

टीव्ही किती जुना आहे हेही बघा. स्मार्ट टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षं सहज टिकतो, त्यातलं सॉफ्टवेअर तेवढं टिकत नाही. 2019च्या डिसेंबरमध्ये काही जुन्या टीव्हींवर नेटफ्लिक्स चालायचं बंद झालं, टीव्ही उत्तम चालू असताना. त्यासाठी नवा टीव्ही घ्यायची गरज नाही, एचडीएमआयला लागणारी स्टिक पुरते. ती टीव्हीच्या यूएसबीवर न चालवता सोबत आलेल्या ॲडॅप्टरवरच चालवा. टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअरच मिळतो आणि स्टिक मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत राहते.

पैशांचं शेवटी घेतलं, कारण वरचं सगळं जमत असेल तरच त्याला अर्थ आहे. तुलना करताना केबलचं बिल एका बाजूला आणि एका ॲपची किंमत दुसऱ्या बाजूला, असं करू नका. वहीत निघालेल्या सगळ्या गोष्टींसाठी लागणारी सगळी ॲप, मोठा डेटा प्लॅन घ्यावा लागला तर त्यातली वाढ, आणि स्टिक, हे मिळून एक बाजू होते. ब्रॉडबँड केबलवाल्याचंच असेल तर टीव्ही काढल्यावर नुसत्या नेटचा दर काय लागेल, हे आधी विचारा. दोन्ही एकत्र घेतल्याची सवलत गेली की बचत बरीच आटते. एका वेळी किती पडदे चालतात तेही प्लॅनमध्ये वाचा. दुसऱ्याच्या पासवर्डवर विसंबू नका, 2023पासून नेटफ्लिक्सने एका घराबाहेर खातं वापरण्यावर अनेक देशांत बंधन आणलं आहे. जाहिराती नकोत म्हणून केबल सोडत असाल, तर 2022च्या नोव्हेंबरपासून काही देशांत नेटफ्लिक्सवरही जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आहे, म्हणजे तिथे जाहिराती टाळायला जास्त पैसे मोजावे लागतात. ओटीटीचा खरा फायदा मला वेगळा दिसतो: महिनाभर घ्या, हवं ते बघून संपवा, बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं घ्या. त्यासाठी वर्षाचा प्लॅन टाळायचा आणि ऑटोपे पहिल्याच दिवशी बंद करायचं. एवढी शिस्त नसेल तर चार-चार सबस्क्रिप्शनं चालू राहतात आणि बिल केबलच्या पुढे जातं.

ठरलंच तर एक महिना दोन्ही चालू ठेवा. सेट टॉप बॉक्स काढून कपाटात ठेवा, पण कनेक्शन बंद करू नका. महिन्यात तो किती वेळा बाहेर काढावा लागला, त्यावरून ठरवा. बंद करताना बॉक्स परत दिल्याची पावती आणि कनेक्शन बंद झाल्याचं लेखी घ्या, अनामत असेल तर तीही मागा. आणि नेट गेलं की आता टीव्हीही जाणार, म्हणून तेवढ्यापुरतं मोबाइलचं हॉटस्पॉट टीव्हीला आधीच जोडून ठेवा.

तुमचा टीव्ही कोणत्या साली घेतलेला आहे आणि राउटरपासून किती भिंती पलीकडे आहे, ते कळवलंत तर स्टिक घ्यावी की लॅनच्या वायरीनेच काम होईल, ते नेमकं सांगता येईल.