वाचक विचारतात : चर्चसाठी पुस्तकं घ्यायचीत, पण कुठली?

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका चर्चच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. आमच्याकडं रविवारच्या उपासनेला मागची बाकं रिकामी असतात, निम्मी पोरं पुण्याला आयटीत गेली, उरलेली शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करून रविवारी झोपतात. पंच कमिटीनं यंदा पुस्तकांसाठी थोडे पैसे काढलेत. ओळखीच्या एकांनी अमेरिकेतल्या मोठ्या चर्चची 'वाढ कशी करावी' छाप पुस्तकं सुचवली, व्हिडिओ कोर्ससकट. घ्यावीत का? आणि आउटरीच, म्हणजे चर्चबाहेरच्या लोकांपर्यंत पोचणं, तरी कसं करायचं, आजकाल नुसती पत्रिका वाटली तरी लोक धर्मांतराचा संशय घेतात.

उत्तर : एक प्रत घ्या हवं तर, पन्नास नकोत. ती पुस्तकं वाईट नाहीत, पण ती लिहिलीयत हजारोंच्या मंडळीसाठी (म्हणजे चर्चच्या सभासदांसाठी), नव्या माणसाची गाडी कुठं लावायची, त्याचं स्वागत कुठल्या टेबलावर करायचं वगैरे, आणि तुमच्याकडं शे-दीडशे माणसं, सगळी एकमेकांच्या बारशाला जेवून आलेली. तिथला कोर्स इथं लावला की चार रविवार उत्साह, पाचव्या रविवारी प्रोजेक्टर कपाटात, हे मी बऱ्याच मंडळ्यांत बघितलंय.

त्यापेक्षा रोलंड ॲलनचं 'मिशनरी मेथड्स : सेंट पॉल्स ऑर अवर्स?' वाचा. १९१२ चं पुस्तक, म्हणजे जुनंच, पण ॲलन स्वतः उत्तर चीनमध्ये मिशनरी होता आणि त्यानं आपल्याच लोकांना खडसावून विचारलंय की पौलानं, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीच्या त्या प्रचारकानं, दहा-बारा वर्षांत चार प्रांतांत मंडळ्या उभ्या केल्या, तिथलेच वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) नेमले आणि पुढं निघून गेला, मग आपण पिढ्यान्पिढ्या पैसा आणि पदं स्वतःच्या हातात का धरून बसलोय? आता मिशनरी गेले, पण हातात धरून बसायची सवय गेली का, हे पंच कमिटीत वाचून बघा, जरा गरमागरमी होईल, होऊ दे की.

आणि हाच प्रश्न आपल्या इथं कवी आणि पाद्री रेव्ह. ना. वा. टिळकांनी स्वतःच्या आयुष्यात सोडवायचा प्रयत्न केला. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसणार अशी कल्पना. दोन वर्षांत ते गेले, काम पुरं झालं नाही. पण सातारा काय लांब आहे आपल्याला? ह्या गोष्टी तरुण संघाला कोणी सांगतच नाही, आपल्याला अमेरिकेतला पास्टर माहीत असतो आणि टिळक फक्त गाण्याखालच्या नावापुरते.

तरुणांचं म्हणाल तर अजून एक ऐका. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला, आणि १८८६ ला अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी मिशनकामाला तयार झाले त्यामागं ह्या कोल्हापुरात जन्मलेल्या पोराचा मोठा हात होता, त्यातूनच पुढं स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकामाला नेणारी चळवळ उभी राहिली. कॉलेजातली पोरंच होती ती, कुठल्या कमिटीवर नव्हती. तुमच्याकडं पंचवीस वर्षांच्या पोराला नाताळात स्टार लावण्यापलीकडं कुठलं काम देतात?

आता आउटरीच. १९१० च्या एडिंबरातल्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरायांनी (पुढं ते दोर्नाकलचे बिशप झाले) मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही आम्हाला बरंच दिलं, पण आम्हाला प्रेम हवंय, मित्र द्या. तेच आज उलटं लावा, आपल्या ख्रिस्ती सोडून किती मित्रांच्या घरी आपण जातो? महापुरात, २०१९ ला आणि परत २०२१ ला, गल्लीगल्लीत कोण कुठल्या धर्माचं ते न बघता लोकांनी चपात्या केल्या, तेव्हा कोणाला संशय आला नव्हता. मदतीबरोबर पत्रिका जोडू नका, एवढं एक पाळा. कोणी विचारलं तर मोकळेपणानं सांगा, लपवायचं काहीच नाही, घटनेच्या २५ व्या कलमानं तो हक्क दिलाय, पण विचारेपर्यंत दम धरा.

ह्यासाठी भारतात काम केलेला अमेरिकन मिशनरी ई. स्टॅनली जोन्स याचं 'क्राइस्ट ॲट द राउंड टेबल' (१९२८) उपयोगी आहे. वेगवेगळ्या धर्मांची माणसं गोल बसायची, वाद नाही, भाषण नाही, धर्मानं मला रोजच्या जगण्यात काय दिलं एवढंच ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ऐकून घ्यायचं. शाहू महाराजांच्या गावात हे जमणार नाही तर कुठं जमणार. दोन-चार शेजारी, चहा, भडंग, झालं.

प्रश्न : आमच्या भगिनी मंडळानं टाळ-पेटीवर भजन आणि कीर्तन ठेवायचं म्हटलं, तर एक वडील म्हणाले हे हिंदूंचं आहे, चर्चमध्ये नको. काय सांगावं त्यांना?

उत्तर : भांडू नका, 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून टिळकांची पदं त्यांच्यासमोर ठेवा, ती ते स्वतः डोळे मिटून म्हणत असतील. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ ला छापलं गेलं ते ओव्यांतच, म्हणजे चारशे वर्षं झाली की. कीर्तन तर टिळक स्वतः करायचे. आणि मंडळात वाचायला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घ्या, दर गुरुवारी एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हसू येतं, रडू येतं, आणि नवरा ख्रिस्ती झाल्यावर बाईला काय वाटलं असेल ते इतकं खरं आहे त्यात की दुसऱ्या धर्माच्या शेजारणींनाही बोलावता येईल.

प्रश्न : जर्मन पाद्री बोनहॉफर आमच्यासारख्या लहान मंडळीला झेपेल का? आणि स्वस्तात कसं होईल?

उत्तर : झेपेल, 'लाइफ टुगेदर' पातळसं आहे. गेस्टापोनं (हिटलरच्या गुप्त पोलिसांनी) बंद पाडलेल्या, पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतल्या सहजीवनावर लिहिलंय, १९३९ ला छापलं. त्याचं म्हणणं असं की माणसं समोर आहेत त्यांच्यापेक्षा ज्याचं स्वतःच्या मनातल्या आदर्श मंडळीवर जास्त प्रेम, तोच मंडळी मोडतो. कमिटीतल्या प्रत्येकानं वाचावं, सेक्रेटरीनं आधी.

पैशाचं म्हणाल तर ॲलनचा कॉपीराइट संपलाय, पीडीएफ नेटवर फुकट मिळते, इंग्रजी जड जात असेल तर एकानं वाचून यायचं आणि मराठीत सांगायचं. 'स्मृतिचित्रे' आधी करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा. उरलेल्या पैशातून 'उपासना संगीत'च्या नव्या प्रती घ्या, बाकांवरच्या जुन्या प्रतींची पानं सुटलीयत.