बॅकयार्डचे ३४ हजार आणि पॉलिसीचे ५४

प्रश्न: आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. मी ३८ वर्षांची, नवरा ४२, दोन मुलं. घरामागचं अंगण लहान आणि उताराचं आहे. मागच्या शेजाऱ्यांचं घर वरच्या अंगाला, त्यांनी यंदा मोठा डेक बांधला. तेव्हापासून चहा घेऊन बाहेर बसायचीही चोरी झाली आहे. कॉन्ट्रॅक्टरने ३४ हजार डॉलरचं एस्टिमेट दिलंय: रिटेनिंग वॉल (उताराची माती धरणारी भिंत) १९ हजार, 'एमराल्ड ग्रीन' आर्बरव्हिटीची २४ झाडं ८,४००, बाकी पॅटिओ. पावसात पाणी घराकडे येतं, बेसमेंटचा एक कोपरा ओला होतो. ते नंतर बघू, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. हरणंही येतात. बचत खात्यात ९ हजारच आहेत, म्हणून नवऱ्याच्या इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीवर (आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाशी जोडलेली बचत एकत्र) कर्ज काढायचं ठरवतोय. आपलेच पैसे, टॅक्सही नाही. गेली तीन वर्षं महिना १,५०० भरतोय, त्यासाठी त्याने ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं, तात्पुरतं बंद केलंय. (पगार १ लाख ४० हजार, पहिल्या ४ टक्क्यांना कंपनी तेवढेच घालते.) रिअल्टर मैत्रीण म्हणते, घर विकताना खर्च वसूल होईल. कर्ज पॉलिसीवर घ्यावं की घरावर?

उत्तर: ताई, दोन्हीवर नको. आणि पॉलिसीवर तुम्हाला ३४ हजार मिळणारही नाहीत.

तुम्ही जोडलेलं वार्षिक स्टेटमेंट पुन्हा उघडा. वर ४३ हजार दिसतात, ती खात्यातली रक्कम. त्याखाली सरेंडर व्हॅल्यू आहे, २२ हजार. मधले २१ हजार म्हणजे आज पॉलिसी मोडली तर कंपनी कापून घेईल तो चार्ज. कर्ज मिळतं ते खालच्या आकड्याच्या हिशेबाने, तेही सहसा नव्वद टक्क्यांपर्यंत. म्हणजे वीस हजारांच्या आत. तुम्ही भरलेत ५४ हजार.

'आपलेच पैसे' हेही खरं नाही. कंपनी स्वतःचे पैसे देते, तुमची पॉलिसी तारण ठेवते आणि व्याज लावते. पुढे व्याज साचून पॉलिसी बंद पडली, तर आतल्या नफ्यावर टॅक्स लागतो, आणि तोवर हातात काही उरलेलं नसतं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, ते. चार टक्के म्हणजे वर्षाला ५,६०० डॉलर नवऱ्याची कंपनी फुकट द्यायला तयार होती. तीन वर्षांचे १६,८०० तुम्ही घेतलेच नाहीत. पॉलिसीत अडकलेले ३२ हजार (५४ वजा २२) त्यात मिळवा: जवळपास ४९ हजार. एवढ्यात हे अंगण झालं असतं आणि वर पंधरा हजार उरले असते. हे लिहिताना मला राग येतोय, तुमच्यावर नाही. हप्ता जुळवण्यासाठी ४०१(के) थांबवा असं ज्या एजंटने सुचवलं, त्याच्यावर. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख होते, घरी जेवायला येणं-जाणं होतं, मग लॅपटॉप उघडून तीस वर्षं दरसाल सात टक्के दाखवणारा तक्ता समोर येतो. 'शून्याच्या खाली जात नाही' हे वाक्य त्यात ठळक असतं. शून्य फक्त जमा होणाऱ्या व्याजाला लागू असतं. विम्याचा खर्च आणि फी त्या वर्षीही कापली जाते, म्हणजे बाजार पडला त्या वर्षीही खात्यातून पैसे जातातच. बाजार वीस टक्के वाढला तर तुम्हाला ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळतं, बहुतेकदा डिव्हिडंड धरलेला नसतो, आणि ती मर्यादा खाली आणायचा अधिकार कंपनीकडे असतो. माझ्याकडे अशा पॉलिसीचं एक तरी पत्र दर महिन्याला येतं.

काय करायचं ते सांगतो. नवऱ्याने याच आठवड्यात एचआरकडे जाऊन ४०१(के) किमान चार टक्क्यांवर सुरू करावं. त्याचे ५,६०० आणि कंपनीचे ५,६०० मिळून वर्षाला ११,२००. सहा टक्के धरा, वीस वर्षांत चार लाखांच्या वर. हप्त्याच्या १८ हजारांतून हे जाऊनही १२ हजार उरतात. त्यातून दोघांचा टर्म इन्शुरन्स (ठरावीक वर्षांचा नुसता विमा, बचत नाही) घ्या. हो, तुमचाही, दोन मुलांच्या आईवर एक डॉलरचा विमा नाही, हे तुमच्या कागदांत मला बेसमेंटच्या ओलीपेक्षा जास्त खुपलं. निरोगी माणसाला या वयात दहा लाखांची वीस वर्षांची टर्म महिना शंभर डॉलरच्या आसपास पडते. टर्मचे कागद हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. नुसता हप्ताही थांबवू नका, कारण मग विम्याचा खर्च खात्यातून खात राहील आणि कळणारही नाही. नवी पॉलिसी लागू झाल्यावर जुनी सरेंडर करा. भरलेल्यापेक्षा कमी मिळतंय, त्यामुळे टॅक्स नाही. पण हा तोटा साधारणपणे टॅक्समध्ये दाखवताही येत नाही. आलेले २२ हजार आणि तुमचे ९ मिळून आपत्कालीन निधी. त्यातून झाडं लावायची नाहीत.

'दहा वर्षं थांबलात तर चार्ज संपेल' असं एजंट म्हणेल. २१ हजारांचा चार्ज वाचवायला आणखी सात वर्षं, म्हणजे सव्वा लाख डॉलर त्याच खात्यात घालायचे? त्याच्याकडून चालू पॉलिसीचं नवं इलस्ट्रेशन (पुढच्या वर्षांचा अंदाजी तक्ता) मागवा आणि फक्त 'गॅरंटीड' रकाना वाचा.

आता अंगण. एस्टिमेटमध्ये सगळं आहे, पाणी तेवढं नाही. तुमच्या भागात लाल शेल खडकाची चिकण माती, पाणी मुरत नाही. १ सप्टेंबर २०२१ ला इडा वादळाचा उरलेला पाऊस कोसळला तेव्हा मिडलसेक्स-सॉमरसेटमधली किती बेसमेंट भरली, ते तुम्ही पाहिलं असेल. जमिनीवरून आत शिरलेलं पाणी साध्या होमओनर्स इन्शुरन्समध्ये बसत नाही. भिंतीमागे निचऱ्याची सोय नसेल तर ओली माती भिंतच पुढे ढकलते, म्हणजे १९ हजारही गेले. आधी छपराच्या पन्हाळींची तोंडं घरापासून लांब न्या, पायापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या दिशेने मिळतो का बघा, मग वरच्या बाजूला उथळ चर किंवा फ्रेंच ड्रेन (खडी आणि भोकांचा पाइप घातलेला चर). पाणी खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नका, तो वाद वकिलापर्यंत जातो. खणण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या वायरी-पाइप कुठे आहेत त्याच्या खुणा करून देतात, फुकट आहे. एवढ्याच कामाची तीन वेगळी कोटेशन घ्या. या वर्षी फक्त एवढंच.

'एमराल्ड ग्रीन' तर रद्दच करा. रटगर्स विद्यापीठाने हरणांच्या खाण्यानुसार झाडांची यादी केली आहे, त्यात ही आर्बरव्हिटी सर्वांत वाईट गटात आहे. जानेवारीत बाकी काही हिरवं नसतं तेव्हा हरणं ती तोंड पोहोचेल तिथवर ओरबाडतात: वर हिरवा शेंडा, खाली उघड्या काड्या, नेमकी बसल्यावर नजर जाते त्या उंचीला. साडेतीनशे डॉलरचं एक झाड, त्याचं हे. आठ फुटांखालचं कुंपण हरीण सहज ओलांडतं, उतारावरून तर अधिकच, आणि बऱ्याच गावांत मागे सहा फुटांच्या वर परवानगी नसते. त्याऐवजी अमेरिकन होली, बेबेरी, ओल्या कोपऱ्यात इंकबेरी. तीन-तीन फुटांची रोपं घ्या, पहिले दोन हिवाळे जाळी गुंडाळा.

आणि शेजारी वर, तुम्ही खाली. खालून लावलेली रांग त्यांच्या डेकला झाकायला किती उंच व्हावी लागेल, मोजा. आडोसा हद्दीवर नको, खुर्चीजवळ हवा. बसता तिथे एक साधी लाकडी जाळी आणि तिच्यावर वेल. हजारभर डॉलरमध्ये पुढच्या उन्हाळ्यात चहा निवांत पिता येईल.

घर विकताना खर्च वसूल होईल, ही आशा सोडा. घर बघायला येणारा झाडांकडे कौतुकाने बघतो आणि ओल्या बेसमेंटचे पैसे कापतो.

पुढचा हप्ता २० तारखेला जाईल, तो जाऊ द्या. टर्मचा अर्ज त्याआधी भरा, मेडिकलची तारीख मिळायलाच दोन आठवडे लागू शकतात.