इंग्रजीत एम. ए. केलंय. ‘अमेरिकन स्टडीज’मध्ये अमेरिकेत थेट पीएचडी करता येईल का?

हो, थेट अर्ज करता येतो. तिथे आधी वेगळं मास्टर्स करायची गरज नाही. हा विषय इतिहास, साहित्य आणि समाजशास्त्र यांच्या सांध्यावर उभा आहे, त्यामुळे येल, हार्वर्डसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी येतात. अशा विद्यापीठांत प्रवेश मिळाला की साधारण पाच वर्षं फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात काही सत्रं शिकवावं लागतं.

खरी कसोटी लागते ती लेखनाच्या नमुन्यावर आणि संशोधनाच्या प्रश्नावर. ‘अमेरिकन अस्मिता’ एवढं मोघम लिहून भागत नाही. आपल्याकडून जाणाऱ्याजवळ तर फार मोलाचे धागे आहेत. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या होत्या. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे, घरबसल्या वाचता येतं. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून घेतलं. दलित चळवळीची मराठी कागदपत्रं मुळातून वाचता येणं हे तुमचं मोठं बळ आहे, ते अर्जात ठळकपणे मांडा.

फक्त एक बघा: अलीकडे अनेक विद्यापीठांनी मानव्यशाखांतल्या पीएचडीच्या जागा कमी केल्यात, काहींनी प्रवेशच थांबवलेत. अर्जाचं शुल्क भरण्याआधी त्या वर्षी प्रवेश खुला आहे ना, हे विभागाला ईमेल करून विचारा.