आधी उलटा करून दाखव

पोट्ट्या,

रविवारी तू गेलास आणि मी कितीतरी वेळ तिथेच बसून होते. तू एकच गोष्ट तीनदा विचारलीस आणि तिन्ही वेळा मी चहा घे, चिवडा घे करत विषय बदलला. तोंडावर सांगायला जमलं नाही म्हणून आता रात्री फोनवर टाइप करून राहिले. लांबलं तर लांबलं, पूर्ण वाच.

तुझं म्हणणं असं, की टफ्टेड गालिचा, म्हणजे गाठी न मारता गनने कापडात लोकर भरलेला, तो पण माणूसच हातात गन धरून बनवतो ना, मग ऑनलाइन विकताना खाली 'हॅन्डमेड' लिहिलं तर खोटं काय. डिझाइन काश्मिरी आहे, मग 'काश्मिरी' लिहिलं तर खोटं काय. आणि तुझ्यासोबत माल विकणारा पोरगा तर खरंच श्रीनगरचा आहे. अरे, यातलं एकही वाक्य खोटं नाही हे मलाही दिसतं. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय तयार होतं ते तुला माहीत आहे, आणि ते माहीत आहे म्हणूनच तू झोप उडाल्यासारखं तोंड करून माझ्याकडे आला होतास. नाहीतर विचारायला कशाला आला असतास, सरळ टाकलं असतं.

मला एकच गोष्ट येते रे, आणि तू माझ्या गालिच्यांच्या दुकानात होतास तेव्हापासून तीच सांगते आहे. गालिचा आधी उलटा करून दाखव. भाव नंतर, गोष्ट नंतर, फोटोबिटो सगळं नंतर. गिऱ्हाईक "केवढ्याला" म्हणालं तरी आधी उलटा कर. ऑनलाइन विकतोस तर पहिला फोटो पाठीचा टाक. हो, पहिलाच. तू म्हणशील काकू, पाठीचा फोटो पाहून कोण थांबतं, लोक पुढे सरकतात. सरकू दे.

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची पाठ समोरच्या बाजूइतकीच नक्षीची असते, समोर फूल तर मागे पण तेच फूल, आणि बोट फिरवलं की एकेक गाठ दाण्यासारखी लागते, कुठे जाड कुठे बारीक, मधेच एखादी ओळ जराशी तिरपी. झालर म्हणजे त्याच ताण्याचे, मागावरच्या उभ्या दोऱ्यांचे, उरलेले दोरे असतात, वेगळी आणून शिवलेली नसते. मशीनवाल्याच्या पाठीवर सगळं पट्टीने आखल्यासारखं आणि झालर वरून शिवलेली. आणि टफ्टेडच्या पाठीला अख्खं कापड चिकटवलेलं. का? कारण त्यात गाठच नाही. कॅनव्हासमधून गनने लोकर आरपार मारलेली, ती लॅटेक्सच्या डिंकाने धरून ठेवलेली, आणि तो डिंक दिसू नये, जमिनीला लागू नये म्हणून वर कापड. त्या कारागिराची मेहनत मी कमी म्हणत नाही, दिवसभर ती गन चालवून बघ, खांदे भरून येतात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार-पाच वर्षं वापरायला तो माल एकदम ठीक आहे. मग टफ्टेड म्हणून विक ना. बिनधास्त विक. पाठ दाखवून विक.

हे मला चाचांनी शिकवलं, काश्मीरहून येणारे फेरीवाले. तुझ्यासोबत माल विकतो तो त्यांचाच पोरगा, त्यांना तू नाही पाहिलंस. दिवाळी झाली की ते नागपुरात यायचे, मोमिनपुऱ्यात चार-पाच जण मिळून एक खोली घ्यायचे, आणि सायकलवर गठ्ठा बांधून धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर पायाखाली घालायचे. शाली, दाबलेल्या लोकरीचे नमदे, आणि सगळ्यात आत गुंडाळून एक-दोन खरे गालिचे. एक लांबट वही असायची, तिच्यात हप्ते. आपल्या बाया दर महिन्याला थोडे थोडे द्यायच्या, उरलेले पुढच्या हिवाळ्यात. म्हणजे माल वर्षभर आपल्या घरात, पैसे पण आपल्याच घरात, आणि तो माणूस दोन हजार किलोमीटर लांब. तरी आम्हीच एकमेकींना सांगायचो, जरा सांभाळून गं, बाहेरचे लोक आहेत. आज आठवलं की मला लाज वाटते.

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी नेहमीसारखा भाव विचारला. ते म्हणाले, "बहनजी, पहले उलटके देखो, फिर दाम पूछो." आणि स्वतःच उलटा करून माझं बोट धरल्यासारखं एका इंचावर टेकवलं, मोजा म्हणाले. आडव्या अठरा, उभ्या अठरा. एका चौरस इंचात 324 गाठी. तू कॉमर्सचा आहेस, तूच हिशोब कर, तीन बाय पाच फुटाचा गालिचा म्हणजे 2160 चौरस इंच, म्हणजे सात लाखाच्या आसपास गाठी. एका माणसाने दिवसाला सहा-सात हजार मारल्या तरी साडेतीन-चार महिने गेले. आणि समोर चित्र नसतं बरं का. कागदाच्या पट्टीवर शॉर्टहॅन्डसारख्या खुणा असतात, कुठल्या रंगाच्या किती गाठी, एक जण त्या मोठ्याने वाचत जातो आणि मागावर बसलेले गाठी मारत जातात. त्याला ते तालीम म्हणतात. आपल्याकडे तालीम पैलवानाची नाहीतर नाटकाची, त्यांच्याकडे गालिच्याची. चाचांनी मला एकदा एक जुनी पट्टी दाखवली होती, हळदीसारखी पिवळी पडलेली, घड्यांवर फाटलेली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण नंतर तो गालिचा उलटा केला तर ती पट्टीच तिथे आहे असं वाटलं.

आता चेहऱ्याचं. तू त्या पोराला फेरन, तो त्यांचा थंडीतला लांब झगा, घालून, हातात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, देऊन फोटो काढायचं म्हणून राहिला होतास. नागपुरात, नोव्हेंबरच्या दुपारी. तो जीन्स घालतो, बीकॉम झालाय, तुझ्याच वयाचा आहे. लोक त्याचे गाल, नाक, बोलण्याची ढब पाहतात आणि गालिचा न पाहताच समजतात की अस्सल असणार, आणि तू तेच विकायला निघाला आहेस. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. हॅम्बुर्गच्या बंदरातल्या जुन्या गोदामांत इराणी व्यापारी वर्षानुवर्षं गालिचे विकत आले, अमेरिकेत आर्मेनियन, अफगाणी, सगळीकडे तेच, माणूस तिकडचा दिसला की माल तिकडचाच धरायचा. आपले तिबेटी स्वेटरवालेच बघ ना. दर थंडीला आपण त्यांच्याकडून घेतो आणि मनात काय असतं, डोंगरातल्या कुण्या आजीने विणलं असेल. त्यातला कितीतरी माल लुधियानाच्या कारखान्यांतून उधारीवर उचललेला असतो. त्यांनी कधी हातचं विणलेलं म्हणून सांगितलं? आपणच त्यांच्या तोंडावर ते लिहून घेतलं. त्यांचे आईवडील 1959 नंतर देश सोडून आले, आपल्या गोंदिया जिल्ह्यात 1972 पासून त्यांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग, कधी गेलास? मी पण उशिराच गेले.

आणि अस्सल अस्सल म्हणतोस, तर ती कला तरी कुठली. पंधराव्या शतकात झैनुल आबिदीन सुलतानाने, ज्याला तिकडे बडशाह म्हणतात, इराण आणि मध्य आशियातून विणकर आणवले असं तिकडचे लोक सांगतात. गालिचा हा आपला शब्द पण फारसीतून आला, इथे येऊन मराठी झाला. सगळंच कुणीतरी खांद्यावर घेऊन आणलेलं आहे रे. म्हणून आणणाऱ्याला फोटोतला पुतळा करू नको. त्याला गालिचा उलटा करू दे, बोट ठेवून बोलू दे, त्याचा व्हिडिओ काढ. तो त्याच्या बापासारखाच बोलतो, मी ऐकलंय.

आता जे रविवारी टाळलं ते.

2009 ची गोष्ट. त्या वर्षी तुझ्या काकांची बायपास झाली होती, दुकानाचं भाडं वाढलं होतं, मॉलमध्ये लोक जायला लागले होते. मी उत्तरेतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून टफ्टेडचा एक लॉट उचलला, लाल जमीन, मधे चिनार. दुकानात चाचांच्या मालाच्या बाजूलाच लावला. महाल भागातले एक गुरुजी आले, रिटायर झालेले, पोरीच्या लग्नात द्यायला गालिचा हवा होता. त्यांनी विचारलं, "काश्मिरी आहे ना?" मी म्हणाले, डिझाइन काश्मिरीच आहे गुरुजी. तुझंच वाक्य. शब्द न् शब्द तुझंच. मी उलटा केला नाही. त्यांनी पण सांगितलं नाही करायला, त्यांचा विश्वास होता.

तीन उन्हाळे काढले त्या गालिच्याने. आपला मे महिना तुला माहीत आहे, पारा 45 च्या वर, वरून दिवसभर कूलरची ओल. लॅटेक्स वाळून भुगा झाला. गुरुजी सायकलरिक्षात घालून घेऊन आले, भांडले नाहीत, नुसता जमिनीवर पसरला आणि एक कोपरा उचलून झटकला. खाली पांढरं पीठ पडलं, चक्कीखाली पडतं तसं, आणि जळक्या रबरासारखा वास. म्हणाले, पोरीच्या सासरी रोज झाडायला लागतं हे. आणि मी, समोर दोन गिऱ्हाईकं उभी होती, मी म्हणाले, "काय करणार गुरुजी, त्या काश्मिरीने आम्हालाही फसवलं."

बघ, पैसे परत केले मी. अर्धे. तेव्हा तेवढेच शक्य होते, आणि गालिचा ठेवून घेतला. ज्या बाईच्या घरात औषधांची यादी फ्रिजवर लावलेली आहे तिने काय करायचं होतं, हे तू मला सांग. पण पैशाचं नाहीच आहे. बाहेरच्या माणसावर ढकललं की लगेच खपतं, समोरचे दोघे पण मान हलवून मोकळे झाले, हो बाई, तसेच असतात ते. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात गुरुजींनी चाचांना रस्त्यात अडवून विचारलं. चाचा दुकानात आले, बसले नाहीत. म्हणाले, "बहनजी, उलटा करके दिखा देतीं, तो मेरा नाम बच जाता." वहीतला माझा हिशोब मिटवला आणि गेले. त्यानंतर धरमपेठेत यायचे, माझ्या दुकानावरून सायकल जायची, थांबायची नाही.

तेव्हापासून दुकान बंद होईपर्यंत, 2020 पर्यंत, मी एकही गालिचा पाठ दाखवल्याशिवाय विकला नाही. एक इंटीरियरवाला मोठी ऑर्डर घेऊन आला होता, नुसतं 'हॅन्ड नॉटेड', म्हणजे हाताने गाठी मारलेला, असं बिलावर लिहा म्हणाला, माल टफ्टेड. नाही लिहिलं. सगळे म्हणतात काकूंना धंदा कळला नाही. कळत होता रे. तो इंटीरियरवाला बिल मागून राहिला होता आणि माझ्या डोळ्यासमोर ते पांढरं पीठ होतं.

तू म्हणशील, काकू, भावनेवर पोट भरत नाही, खऱ्या मालाला लोक पैसे देत नाहीत. देतात, सगळे नाही, थोडे देतात. काश्मिरी हाताने गाठी मारलेल्या गालिच्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी नोंद, मिळालंय, 2022 पासून क्यूआर कोडचं लेबल पण निघालंय, त्या पोराला सांग जो माल त्यात बसतो त्याला ते लावूनच आणायचं. बाकी माल वेगळा ठेव, वेगळ्या नावाने, वेगळ्या पानावर. आणि गिऱ्हाईकाला बोट ठेवून मोजायला लाव. एकदा एका इंचातल्या गाठी स्वतः मोजल्या की माणूस घासाघीस करताना जरा थांबतो, मी हे शेकडो वेळा पाहिलंय. नाही थांबला तर जाऊ दे त्याला.

आणखी एक, लग्नात-बिग्नात देणारे असतील तर सांग की उन्हाळ्यात कूलरसमोर अंथरू नका, गुंडाळून ठेवताना आत कडूलिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कसर लागते. हे पाठीच्या फोटोखालीच लिही.

गुरुजींचा तो लाल गालिचा अजून माझ्या माळ्यावर आहे, जुन्या चादरीत बांधलेला. माझ्याच्याने आता शिडीवर चढवत नाही. शनिवारी ये, उतरव, गच्चीवर नेऊन तुझ्या फोनने त्याच्या पाठीचा फोटो काढ, टफ्टेडच्या पानावर तो लाव. आणि येताना चाचांच्या पोराला घेऊन ये. त्याच्याशी मला बोलायचं आहे, आणि ते असं टाइप करून पाठवायचं नाही. तो मटण खातो की नाही ते आधी विचारून कळव, भाजी आणायला सकाळीच जावं लागतं.

तुझी काकू